आधी पोकळी मोजा, मग कॅमेरा घ्या: घरासाठी इन्स्पेक्शन कॅमेरा निवडताना

इन्स्पेक्शन कॅमेरा, एंडोस्कोप, बोरस्कोप, पाईप कॅमेरा अशा नावांनी बाजारात मिळणारी वस्तू मुळात एकच. लांब केबल, तिच्या टोकाला करंगळीहून बारीक कॅमेरा, त्याभोवती एलईडी दिव्यांचे कडे आणि दुसऱ्या टोकाला मोबाईल किंवा हातात मावणारा स्क्रीन. जिथे हात शिरत नाही आणि डोके घालता येत नाही, तिथे नजर पोचवायची. साधा कॅमेरा हजार-दीड हजार रुपयांत मिळतो, त्यामुळे फार विचार न करता तो मागवला जातो आणि एकदा वापरून खणात पडतो. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. ज्या जागेसाठी तो घेतला, ती जागा कुणी मोजलेलीच नसते.

म्हणून सुरुवात घरापासून करू.

गोव्यातल्या घरात पोकळी असते कुठे?

इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले आणि व्हिडिओ अमेरिकेतली घरे डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. तिथे भिंत म्हणजे लाकडी उभ्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्याला दोन्ही बाजूंनी ठोकलेले जिप्समचे तक्ते. मधे साधारण ९ सेंमीची पोकळी सुटते आणि तिच्यातून वायरी आणि नळ जातात. भिंतीला लहानसे भोक पाडा, कॅमेरा आत सोडा, हा सल्ला तिथे अगदी योग्य आहे. आपल्याकडची जुनी भिंत चिऱ्याची म्हणजे जांभ्या दगडाची, दीड-दोन फूट जाड आणि भरीव. नव्या इमारतीत चिरा, वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक, त्यावर गिलावा. वायरिंगचे पाईप भिंतीत खाच पाडून बसवलेले आणि वरून सिमेंटने बुजवलेले. अशा भिंतीला भोक पाडून कॅमेरा घातला तर आत दिसते ते फक्त आपण पाडलेले भोक.

ओल आलेल्या भिंतीसाठी कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडून द्या. चिरा सच्छिद्र असतो. जोत्याखालचे पाणी तो केशाकर्षणाने वर ओढतो आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर ते पाणी आतच अडकून राहते. ही ओल दगडाच्या अंगात असते, मोकळ्या जागेत नसते. ती मॉइश्चर मीटरने मोजता येते, थर्मल कॅमेऱ्याने पृष्ठभागावरचा थंड पट्टा दिसू शकतो, पण प्रकाशावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला ती दिसण्याचा मार्गच नाही. फ्लॅटमधल्या बाथरूमचेही तेच. अनेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खोलगट करून त्यात पाईप टाकतात आणि वरून विटांचे तुकडे, सिमेंट घालून भरतात. गळती त्या भरावात असेल तर बघायला पोकळी उरलेली नसते. तिथे जुनी चाचणीच उपयोगी. नहाणीची जाळी बंद करून जमिनीवर रंगीत पाणी २४ तास साठवून ठेवायचे आणि खालच्या घराच्या छताला त्या रंगाचा डाग येतो का ते बघायचे.

मग कॅमेऱ्याला बघण्यासारखे काय उरते? बरेच काही उरते, फक्त ते भिंतीच्या आत नसते. जुन्या घरात तक्तपोशी (कौलांखालचे लाकडी फळ्यांचे छत) आणि कौले यांच्यामधली जागा. भिंतीच्या माथ्यावर वासे जिथे टेकतात तो कोपरा, कारण वाळवी आणि पावसाचे पाणी दोन्हींची गाठ तिथे पडते. माडीच्या लाकडी जमिनीखालची पोकळी, जी पणजीतल्या मळा किंवा फोंताईन्यश या जुन्या वस्त्यांमधल्या दुमजली घरांत अजून सापडते. फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगच्या वरची जागा, मॉड्युलर किचनच्या खालच्या पट्टीमागची जागा, भिंतीला चिकटवलेल्या कपाटाची पाठ, पाईप ज्यातून खाली जातात तो उभा डक्ट, बाथटबच्या बाजूचे बांधकाम. आणि दोन्ही प्रकारच्या घरांत सांडपाण्याचे पाईप आणि एसीच्या पाण्याची नळी.

या प्रत्येक जागेचे माप वेगळे, म्हणून लागणारा कॅमेराही वेगळा.

कागदावर चार गोष्टी लिहा

दुकानात जाण्यापूर्वी किंवा ऑनलाइन मागवण्यापूर्वी तुमच्या घरातल्या दोन-तीन जागा ठरवा आणि प्रत्येकीसाठी लिहून काढा: आत शिरायचे तोंड केवढे आहे, तिथून बघायची जागा किती लांब आहे, वाटेत वळणे किती आहेत, आणि तिथे पोचल्यावर नेमके काय दिसायला हवे. लोखंडी तारेचा तुकडा आत सरकवून बघितला की पहिल्या तिन्ही गोष्टी कळतात. फॉल्स सीलिंगमध्ये दिवा बसवलेले भोक ७ ते १० सेंमीचे असते, तिथून कुठलाही कॅमेरा जातो. किचनच्या खालच्या पट्टीची फट कधी एक सेंमीचीच असते. एसीच्या पाण्याची नळी आतून साधारण दीड-दोन सेंमीची. वॉशबेसिनचा पाईप ३२ मिमी, नहाणीचा ७५ मिमी आणि शौचालयाचा ११० मिमी ही नेहमीची मापे.

कॅमेऱ्याच्या डोक्याचा व्यास बहुधा ३.९, ५.५ किंवा ८ मिमीच्या आसपास असतो. घरासाठी ३.९ मिमी क्वचितच लागतो. तो मुळात मोटारीच्या इंजिनासारख्या अरुंद ठिकाणी शिरायला सोयीचा. डोके बारीक म्हणजे आतला सेन्सर लहान, दिवे लहान, चित्र अंधुक. अगदी अरुंद फट हेच तुमचे मुख्य काम नसेल तर ५.५ ते ८ मिमीमध्ये राहा.

व्यास सगळे बघतात, पण डोक्याची लांबी बघायची राहून जाते. कॅमेरा ज्या धातूच्या नळीत बसवलेला असतो ती वाकत नाही. ही नळी चार-पाच सेंमी लांब असेल तर ३२ मिमी पाईपच्या काटकोनी वळणात ती आडवी अडकते, मग व्यास कितीही कमी असो. वळणातून न्यायचे असेल तर आखूड डोके शोधा. आणि बेसिनखालचा ट्रॅप (पाणी अडवून धरणारा वाकडा तुकडा) हाताने फिरवून काढता येत असेल तर तो काढूनच कॅमेरा पुढे घाला. त्या वळणाशी झगडण्यात अर्थ नाही.

केबलचा ताठपणा

माझ्या मते घरगुती कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त महत्त्व केबलला द्यायला हवे, आणि जाहिरातीत तिच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलेले असते.

केबल दोन जातींची असते. एक मऊ, जी वरून खाली सोडायला चांगली. डक्टमध्ये वरच्या मजल्यावरून कॅमेरा लोंबता सोडायचा असेल तर वजनाने ती सरळ खाली जाते. आडव्या जागेत मात्र ती पुढे ढकलता येत नाही, हातभर अंतरावर गोळा होऊन बसते. दुसरी अर्धताठ, जिच्यात आतून तार असते. ती हाताने वाकवली की तसाच आकार धरून राहते. तक्तपोशीवर दोन मीटर आत बघायचे, कपाटामागे वरून घालून शेवटी डावीकडे वळवायचे, पाईपमधून पुढे रेटायचे, ही सगळी कामे अर्धताठ केबलचीच. घरासाठी एकच कॅमेरा घेणार असाल तर अर्धताठ घ्या.

लांबीचा मोह टाळा. १० मीटर लिहिलेली केबल दिसायला छान, पण ती घरातल्या कामांत पुढे रेटली जात नाही आणि गुंडाळताना पिळा पडतो. शिवाय यूएसबी २.० साठी साध्या केबलची मर्यादा ५ मीटर धरलेली आहे. त्याहून लांब स्वस्त केबलमध्ये चित्र थांबणे, तुटणे, मधेच जाणे असे प्रकार होऊ शकतात. तीन ते पाच मीटर घराला पुरतात.

केबलवर दर १० सेंमीला रंगीत टेपची खूण करा आणि दर मीटरला वेगळा रंग लावा. आत काही सापडले तर ते तोंडापासून किती अंतरावर आहे हे लगेच कळते. "तोंडापासून १ मीटर ४० सेंमीवर पाईपला भेग आहे" असे सांगितले तर प्लंबर नेमकी तेवढीच फरशी उचलतो.

चित्र चांगले कशाने येते

खोक्यावर मोठ्या अक्षरात १०८० पी लिहिलेले असते. ६४० गुणिले ४८० म्हणजे सुमारे ३ लाख ठिपके, ७२० पी म्हणजे सुमारे ९ लाख, १०८० पी म्हणजे सुमारे २१ लाख. आकडे वाढत जातात, पण सेन्सर काही मिलिमीटरचाच असतो. स्वस्त कॅमेऱ्यांत कमी ठिपक्यांचे चित्र ताणून मोठे केलेले असते आणि तरीही खोक्यावर मोठा आकडा छापतात. प्रामाणिक ७२० पी घराला भरपूर आहे.

चित्र खरे ठरते फोकसच्या अंतरावर. या कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा बांधलेला असतो. चाळिशीचा चष्मा लावलेल्या माणसाला हातातला पेपर स्वच्छ दिसतो आणि समोरच्या रस्त्यावरची पाटी धूसर दिसते, तसेच इथे होते. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांना साधारण ३ ते १० सेंमी या टप्प्यात स्वच्छ दिसते. ११० मिमी पाईपच्या मधोमध डोके असेल तर पाईपची भिंत साडेपाच सेंमीवर येते, म्हणजे अगदी टप्प्यात. ३२ मिमी पाईपमध्ये तीच भिंत दीड सेंमीवर येते, तिथे दीड सेंमीपासून फोकस होणारा कॅमेरा हवा. विकणारा फोकसचे अंतर सांगत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका. मी तरी घेणार नाही.

प्रकाशाचा हिशेब आणखी कडक आहे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. कॅमेऱ्यापासून १० सेंमीवर जेवढा उजेड पडतो, त्याचा शंभरावा भाग १ मीटरवर पडतो. म्हणून नळीत लख्ख दिसणारा कॅमेरा कौलांखालच्या मोकळ्या जागेत नेला की समोर काळोख. तक्तपोशीवरची सगळी जागा एका नजरेत बघायची असेल तर हा कॅमेरा नकोच. मोबाईल सेल्फी स्टिकला लावा, शेजारी टॉर्च बांधा, व्हिडिओ चालू करून भोकातून वर धरा आणि सावकाश फिरवा. एवढ्याने संशयाचा कोपरा कळतो. त्या कोपऱ्यात जवळ जाऊन बघायचे काम मग इन्स्पेक्शन कॅमेऱ्याचे.

दिव्यांचा उजेड कमी-जास्त करता आलाच पाहिजे. ओल्या पांढऱ्या पीव्हीसी पाईपमध्ये पूर्ण उजेड लावला तर सगळे पांढरेफटक होते. उजेड उतरवला की भेगेची रेघ, सांध्यातली फट, चिकटलेले तेल दिसू लागते. आणि कौलांखाली दिवसा बघताना दिवे पूर्ण बंद करून एकदा बघा. जिथे कौल सरकले आहे किंवा फुटले आहे तिथून उन्हाची तिरीप आत येते आणि काळोखात ते ठिकाण लगेच दिसते. मे महिन्यात शाकारणीला माणसे यायच्या आधी हे केले तर छताचा कुठला भाग उघडायचा ते त्यांना दाखवता येते.

समोर बघणाऱ्या कॅमेऱ्याबरोबर बाजूला बघणारा दुसरा कॅमेराही असलेले डोके मिळते, त्याला ड्युअल लेन्स म्हणतात. थोडे जास्त पैसे पडतात, पण माझ्या मते ते वाजवी आहेत. पाईपची भिंत, वाशाचा खालचा भाग, कपाटाची पाठ, या सगळ्या गोष्टी कॅमेऱ्याच्या बाजूला असतात, समोर नसतात. सोबत मिळणारा छोटा आरसा हेच काम करतो, पण तो हलतो, पडतो आणि पाईपमध्ये पडला तर नवे काम वाढवतो. चाक फिरवून डोके वळवता येणारे कॅमेरे त्याहून बरेच महाग आहेत आणि त्यांच्या आतल्या तारा नाजूक असतात. मोटार मेकॅनिकला ते उपयोगी, घरात फारच क्वचित.

एवढे सगळे हजार रुपयांत मिळते याचे कारण सेन्सर केबलच्या टोकावर जाऊन बसला हे आहे. त्याआधी प्रकाश काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून बाहेर आणावा लागे. १९५४ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी अशा जुडग्यातून चित्र पोचवता येते हे दाखवले आणि वैद्यकातल्या लवचिक दुर्बिणींची वाट मोकळी झाली. आता चित्र टोकावरच तयार होते आणि तारेतून फक्त सिग्नल येतो. म्हणून केबल कशीही वळली तरी चित्र बिघडत नाही.

ते फिरते मात्र नक्की. आत गेलेली केबल पिळली की वर-खाली कळेनासे होते. पाईपमध्ये पाणी जिथून वाहते ती खालची बाजू. कोरड्या पोकळीत जाताना डोक्याला तीन-चार सेंमीचा जाड दोरा बांधा. तो चित्रात लोंबताना दिसतो आणि खाली कुठे ते सांगतो.

मोबाईलला जोडायचा की स्क्रीनवाला?

यूएसबीचा कॅमेरा सगळ्यात स्वस्त. अँड्रॉइड फोनला चालतो, पण फोनमध्ये ओटीजी (बाहेरची यूएसबी वस्तू फोनला जोडायची सोय) हवे, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होते. कॅमेरा चालत नाही म्हणून परत पाठवण्याआधी एवढे बघा. तोच कॅमेरा लॅपटॉपला लावला तर बहुधा वेबकॅमसारखा लगेच सुरू होतो. आयफोन असेल तर वस्तूच्या वर्णनात तुमच्या मॉडेलचे नाव लिहिलेले असल्याशिवाय यूएसबीचा कॅमेरा घेऊ नका.

वायफायचा कॅमेरा दोन्ही प्रकारच्या फोनना चालतो. तो स्वतःचे वायफाय सोडतो आणि फोन त्याला जोडायचा. चित्र थोडे मागे पडते, म्हणजे हात पुढे गेल्यावर क्षणभराने स्क्रीनवर हालचाल दिसते. पाईपमध्ये ढकलताना याचा त्रास होतो. सोबतचे ॲप जवळची वायफाय शोधण्यासाठी लोकेशनची परवानगी मागते, ते समजण्यासारखे आहे. फोनमधले नंबर आणि मेसेज बघायची परवानगी मागितली तर देऊ नका. अशी परवानगी दिल्याशिवाय ॲप चालतच नसेल तर कॅमेरा परत करा.

घरात वयस्कर माणसे एकटी राहत असतील आणि त्यांनाच कॅमेरा वापरायचा असेल तर चार-पाच इंची स्क्रीन जोडलेला कॅमेरा घ्या. ॲप नाही, जोडणी नाही, बटण दाबले की चित्र. किंमत साधारण तीन-चार हजारांपासून पुढे. पावसाळ्यात ओल्या हातांनी महागडा फोन शौचालयाजवळ धरण्यापेक्षा हेही बरे. त्यात मेमरी कार्ड जाते का आणि व्हिडिओ साठवता येतो का तेवढे विचारून घ्या.

पाण्यासाठी आयपी ६७ किंवा आयपी ६८ हे अंक बघतात. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ६७ मधला ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकते. ८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती ते बनवणाऱ्याने सांगायचे असते. हे अंक डोक्यापुरते आणि फार तर केबलपुरते असतात. केबल जिथे प्लगला मिळते तिथे आणि स्क्रीनच्या खोक्यात पाणी गेले तर कॅमेरा संपला. हे पाणी गरम नाही आणि त्यात ॲसिड नाही असेही यात गृहीत धरलेले असते. तुंबलेल्या पाईपमध्ये आदल्या दिवशी ॲसिड किंवा कॉस्टिक ओतले असेल तर आधी भरपूर पाणी सोडा, कॅमेरा नंतर.

आत काय दिसले म्हणजे काय समजायचे

तक्तपोशीवर बघताना वाळवीची खूण म्हणजे भिंतीवरून वाशाकडे चढत गेलेली पेन्सिलएवढ्या जाडीची मातीची नळी. ती दिसली म्हणून आत वाळवी आजही आहे असे होत नाही. हात पोचत असेल तर त्या नळीचा बोटभर तुकडा मोडा आणि चार-पाच दिवसांनी त्याच जागी कॅमेरा घालून बघा. तुकडा पुन्हा बांधलेला दिसला तर वाळवी जिवंत आहे. लाकडाला बारीक गोल भोके आणि खाली पिठासारखी पूड असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. त्याचा उपाय वेगळा, म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला नुसते "कीड लागली" असे सांगू नका, फोटो दाखवा.

पाण्याच्या डागाला कडा असतात. एकात एक तपकिरी कडी दिसली तर तिथे पाणी येते, वाळते, पुन्हा येते. काळपट एकसारखा ओला पट्टा म्हणजे पाणी आत्ताही आहे. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जूनच्या पहिल्या दोन मोठ्या सरींनंतर काढलेला व्हिडिओ आणि गणेश चवथीच्या आधी त्याच जागेचा काढलेला व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हींत डाग तेवढाच असेल तर तो जुना. वाढला असेल तर पाऊस थांबायची वाट बघू नका.

उंदरांची वाट भिंतीच्या कडेने तेलकट काळ्या पट्ट्याने कळते. वायरीचे प्लास्टिक कुरतडलेले दिसले तर ते काम त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनचे. ताज्या लेंड्या, मोठी विष्ठा आणि फळांच्या बिया दिसल्या तर बहुधा उदमांजर. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. त्याला मारायचे किंवा पकडायचे नाही, वनखात्याला कळवायचे. अशा ठिकाणी कॅमेरा नेऊन आणला की केबल साबणाने धुवा आणि हातमोजे घालून धुवा. उंदरांच्या लघवीतून होणारा लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात आपल्याकडे खरोखर होतो.

इथे कॅमेरा घालू नका

विजेच्या पाईपमध्ये, स्विचबोर्डमागे किंवा मीटरच्या पेटीत कॅमेरा घालायचा नाही. डोके धातूचे, केबलमध्ये तांबे आणि शेवट तुमच्या हातातल्या फोनमध्ये. फॉल्स सीलिंगवरही वायरी मोकळ्या असू शकतात, म्हणून तिथे बघण्याआधी मेन स्विच बंद करा. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची लाईन चालूच राहते. ती वेगळी बंद करावी लागते. छतावर सोलर असेल तर त्याच्या तारांनाही दिवसभर वीज असते.

सेप्टिक टाकीचे झाकण उघडून आत वाकून कॅमेरा सोडू नका. आत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि त्याच्या दोन-चार श्वासांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. मिथेनही असतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ठिणगीने पेट घेतो आणि हे कॅमेरे ठिणगीपासून सुरक्षित बनवलेले नसतात. टाकीचे काम यंत्र असलेल्या लोकांकडूनच करून घ्या. कुणालाही साधनाशिवाय आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात दरवर्षी माणसे मरतात.

चिऱ्यांच्या ढिगात, जोत्याच्या भेगेत, कौलांखाली साप असू शकतो. फुरसे, मण्यार, घोणस, नाग, चारही गोव्यात आहेत. चित्रात वेटोळे दिसले तर कॅमेरा सावकाश मागे घ्या, खडखडाट करू नका, मुलांना दूर करा आणि सर्पमित्र किंवा वनखाते यांना बोलवा. कॅमेऱ्याने डिवचून तो हलतो का ते बघू नका.

फ्लॅटच्या डक्टमध्ये कॅमेरा सोडताना शेजाऱ्यांना आणि सोसायटीला आधी सांगा. डक्टला लोकांच्या बाथरूमच्या खिडक्या असतात. गळती शोधण्याचा हेतू कितीही चांगला असला तरी न सांगता सोडलेला कॅमेरा दुसऱ्या घरातल्या बाईला काय वाटेल याचा विचार आपण करायला हवा.

हातात आल्यावर पहिल्याच दिवशी

परत करायची मुदत असते तेव्हाच तपासा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि कॅमेऱ्याचे डोके अक्षरांपासून २, ५, १० आणि २० सेंमीवर धरून बघा. अक्षरे कुठे स्वच्छ वाचता येतात ते लिहून ठेवा. तो तुमच्या कॅमेऱ्याचा खरा फोकस. मग दिवे पूर्ण करून स्टीलच्या पेल्यात डोके घाला आणि उजेड कमी करत जा. पेल्याच्या तळावरचा ओरखडा कधीतरी दिसलाच पाहिजे. पेल्यात पाणी घालून डोके दहा मिनिटे बुडवून ठेवा. काचेच्या आत वाफ धरली तर वस्तू परत करा. शेवटी केबल मीटरभर पुढे काढून टोक आडवे धरा. फार झुकली तर ती अर्धताठ नाही, काहीही लिहिलेले असो.

आपल्या दमट, खाऱ्या हवेत प्लगचे टोक हिरवे पडते आणि लेन्सवर बुरशी येते. वापरून झाल्यावर केबल गोड्या पाण्याने पुसा, सावलीत पूर्ण वाळू द्या आणि सैल गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. स्क्रीनवाला कॅमेरा असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा.

शौचालयाचा पाईप तुंबला असेल तर

यासाठी घरगुती कॅमेरा विकत घेऊ नका. घरापासून सेप्टिक टाकीपर्यंतची लाईन १० ते २० मीटर असते आणि वाटेत चेंबर असतात. ते काम करणारा ड्रेन कॅमेरा वेगळा. त्याची केबल फायबरग्लासची, २० मीटर किंवा त्याहून लांब, डोके बोटभर जाड आणि किंमत घरगुती कॅमेऱ्याच्या कितीतरी पट. चांगल्या संचात डोक्यामध्ये ५१२ हर्ट्झचा सिग्नल सोडणारा छोटा ट्रान्समीटर असतो आणि वरून जमिनीवर रिसिव्हर फिरवून डोके नेमके कुठल्या फरशीखाली आहे ते शोधता येते. माड, आंबा किंवा वड यांची मुळे सांध्यातून पाईपमध्ये शिरली असतील तर नेमके ठिकाण कळणे हाच खरा फायदा, नाहीतर अख्खे अंगण खणावे लागते.

तो संच असलेल्या माणसाला एक दिवसासाठी बोलवा. येण्याआधी फोनवर विचारा: केबल किती मीटरची आहे, ट्रान्समीटर आहे का, आणि रेकॉर्डिंग देणार का. काम पहिल्या चेंबरपासून टाकीच्या दिशेने करायला सांगा आणि दर काही मीटरला अंतर तोंडाने बोलून रेकॉर्ड करायला सांगा. व्हिडिओची फाईल पैसे देण्यापूर्वी तुमच्या फोनवर घ्या आणि चेंबर कुठे, अडथळा किती मीटरवर, हे घराच्या नकाशाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वेळी येणारा प्लंबर दुसरा असेल.